गिटारसमोर माइक: ऑर्केस्ट्राबरोबर वाजवताना लावावा की नाही?

मध्यलय (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

इथे जर्मनीत आमच्या गावात गेल्या आठवड्यात क्लासिकल गिटार आणि चेंबर ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम ऐकला. पूर्वार्धात विवाल्दीचा डी मेजर कॉन्सर्टो (म्हणजे एक वाद्य पुढे, ऑर्केस्ट्रा साथीला). तो मुळात ल्यूट (गिटारसारखं जुनं तंतुवाद्य), दोन व्हायोलिनं आणि खर्जाच्या साथीसाठी लिहिलेला, पण आता गिटारवाल्यांनीच दत्तक घेतलाय. उत्तरार्धात स्पॅनिश संगीतकार होआकिन रोद्रिगोचा 'कॉन्सिएर्तो दे अरान्हुएथ'. विवाल्दीला गिटार नुसतीच होती. मध्यंतरानंतर बघते तर वादकाच्या खुर्चीमागे एक छोटा काळा स्पीकर आणि समोर बारीक दांडीचा माइक.

शेजारी एक वयस्कर गृहस्थ बसले होते, ते चिडलेच. सगळ्या ऑर्केस्ट्रात एकट्यालाच कर्णा द्यायचा तर त्यात वादकाचं कसब कुठे राहिलं, असा त्यांचा सूर. मला तो स्पीकर अजिबात खटकला नाही. दुसऱ्या मूव्हमेंटमधली (भागातली) हलकी बोटं ऐकू आली म्हणून उलट बरंच वाटलं. पण घरी येताना डोक्यात किडा वळवळायला लागला. मी लहानपणापासून सवाईच्या मांडवात बसून माइकवरूनच गाणं ऐकलेलं आहे. त्यामुळे माझ्या कानांना काही चुकीचं वाटतच नाही, असं तर नाही ना?

तर प्रश्न: गिटारच्या कॉन्सर्टोत माइक लावणं ही लबाडी आहे की गरज? वाजवणारे, ऐकणारे, साउंडवाले, सगळ्यांनी लिहा.

पॉपकॉर्नवाला

बसलो. शनिवारपेठी यायची वाट बघतोय.

शनिवारपेठी

आलो.

लावू नये. वाद्याचा आवाज जेवढा, तेवढाच कार्यक्रम. बालगंधर्वांचं पद पिटातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जायचं, तेव्हा कुठे होते माइक? स्पॅनिश गिटारवादक सेगोव्हियाने आयुष्यभर गिटारला वीज लावू दिली नाही आणि मोठमोठी सभागृहं भरवली. लोक श्वास रोखून ऐकायचे, कारण ऐकण्यासाठी कष्ट घ्यावे लागायचे. ऐकू येत नसेल तर हॉल लहान घ्या. तिकिटं कमी विकली जातील, ही अडचण संगीताची नाही, मॅनेजरची आहे.

ठाणेकर_मावशी

शनिवारपेठी, बालगंधर्वांच्या मागे एक ऑर्गन, एक सारंगी आणि तबला. समोर चाळीस व्हायोलिनं बसवली असती तर बघितलं असतं. आणि शेवटच्या रांगेत ऐकू आलं नाही की लोक सरळ ओरडून सांगायचे. तुमच्या जर्मनीत ती सोय आहे का गं मध्यलय?

मध्यलय

मावशी, इथे दोन मूव्हमेंटच्या मध्ये टाळी वाजवली तरी लोक वळून बघतात. :)

बाळू_खोपोली

एक बाळबोध प्रश्न. क्लासिकल गिटार म्हणजे आपण जिला स्पॅनिश गिटार म्हणतो तीच ना? की हवायनसारखी काही वेगळी? कॉलेजात माझ्याकडे होती तिचा आवाज चांगला दणदणीत होता.

नखंवाढवलेला

बाळू, तुझी बहुतेक स्टीलच्या तारांची असणार आणि तू प्लेक्ट्रमने खाडखाड कॉर्ड वाजवत असणार. क्लासिकल गिटारला खालच्या तीन तारा नायलॉनच्या, वरच्या तीन बारीक नायलॉनच्या धाग्यांवर धातूची तार गुंडाळलेल्या. वाजवायची उजव्या हाताच्या बोटांनी आणि नखांनी, डावा पाय छोट्या पाटावर. नायलॉनही तसं नवीनच आहे. पूर्वी आतड्याची तात असायची. दुसऱ्या महायुद्धात तात ऑपरेशनच्या टाक्यांसाठी लागायला लागली, बाजारात मिळेना, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट ऑगस्टीनने नायलॉनच्या तारा बनवल्या आणि सेगोव्हियाने त्या उचलून धरल्या. शनिवारपेठींना सांगा, सेगोव्हियाला वीज चालत नव्हती, पण कारखान्यातलं प्लॅस्टिक चाललं.

आता मूळ मुद्दा. मी हौशी आहे, पण एका छोट्या स्ट्रिंग ऑर्केस्ट्राबरोबर जुन्या काळचा गिटारवादक-संगीतकार जुलियानी याचा पहिला कॉन्सर्टो (ए मेजर, ओपस ३०) वाजवलाय. एकट्याने खोलीत वाजवताना तुमच्याकडे हळू ते मोठा अशा आठ-दहा पायऱ्या असतात. मागे ऑर्केस्ट्रा आला की खालच्या पाच गायब. सगळं मोठ्यानेच वाजवावं लागतं. बोट तारेवरून सरकून पुढच्या तारेवर टेकेल अशा ठोशाने, म्हणजे आपोयांदोने वाजवायचं, हात ब्रिजच्या (तारा बांधतात त्या पट्टीच्या) जवळ न्यायचा म्हणजे आवाज टोकदार होऊन बाहेर पडतो. पण मग गिटारची खरी श्रीमंती, तो साउंडहोलजवळचा गोड आवाज, तो विसरायचा. माइक नसताना मी मोठा वाजवत होतो, चांगला नाही. एवढंच सांगतो.

पॉपकॉर्नवाला

"मोठा वाजवत होतो, चांगला नाही." हे आमच्या गल्लीतल्या मंडळाला फ्रेम करून देतो.

ध्वनिलहरी

साउंडच्या धंद्यात आहे म्हणून थोडं कोरडं लिहितो, चालवून घ्या.

लोकांना वाटतं वीस व्हायोलिनं म्हणजे एका व्हायोलिनच्या वीसपट मोठा आवाज. तसं नसतं. स्रोत दुप्पट केले की पातळी साधारण ३ डेसिबलने वाढते. दहापट केले की १० डेसिबल, आणि कानाला ते ढोबळमानाने दुप्पट मोठं वाटतं. म्हणजे निव्वळ संख्येने गिटार मरत नाही.

ती मरते ती दुसऱ्याच कारणाने. व्हायोलिनचा गज तारेला सतत ऊर्जा देत राहतो. गिटारची तार एकदा छेडली की तो स्वर त्या क्षणापासून विझायला लागतो. छेडल्याची टोकदार सुरुवात ऐकू येते, पण स्वराची शेपटी व्हायोलिनच्या धरलेल्या स्वराखाली झाकली जाते. त्यात दोघांचे स्वर एकाच सप्तकात असतील तर संपलंच. त्यामुळे ऑर्केस्ट्राला "हळू वाजवा" म्हणून अर्धाच प्रश्न सुटतो. "थांबून-थांबून वाजवा, वर किंवा खाली जाऊन वाजवा" असं संगीतकारानेच लिहायला हवं. चांगल्या संगीतकारांनी ते लिहिलंय.

माइकबद्दल: नीट लावला तर समजूच नये. स्पीकर वादकाच्या अगदी मागे ठेवायचा, म्हणजे आवाज त्याच दिशेने येतो आणि कान फसत नाहीत. पातळी इतकीच की बंद केल्यावर काहीतरी गेलं असं वाटावं, चालू असताना काही आहे असं वाटू नये. मध्यलय, तुम्हाला खटकला नाही म्हणजे तिथल्या माणसाला काम येत होतं.

शनिवारपेठी

ध्वनिलहरी, तुमचा पहिला भाग पटला. "संगीतकाराने लिहायला हवं" हेच मी म्हणतोय. लिहिलेलं असेल तर मग माइक कशाला?

जुनी_तबकडी

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

शनिवारपेठींनी योग्य ठिकाणी बोट ठेवलंय, म्हणून रोद्रिगोबद्दल थोडं सविस्तर.

हा माणूस १९०१ साली बालेन्सियाजवळच्या सागुंतोत जन्मला, तिसऱ्या वर्षी घटसर्पात दृष्टी गेली. शिकला पियानो. गिटार स्वतः वाजवायचा नाही! 'अरान्हुएथ' त्याने १९३९ मध्ये पॅरिसमध्ये लिहिला. ब्रेलमध्ये लिहायचं आणि मग नक्कल करणाऱ्याला एकेक स्वर सांगायचा, अख्ख्या ऑर्केस्ट्राचा. पहिला प्रयोग ९ नोव्हेंबर १९४०, बार्सिलोनाचं पालाउ दे ला मूसिका, वादक रेखिनो साइन्थ दे ला माथा. कॉन्सर्टो अर्पण केलाय तोही त्यालाच.

आता त्याने काय केलंय ते बघा. वाद्यवृंदात लाकडी वाद्यं दोन-दोन, हॉर्न दोन, ट्रंपेट दोन आणि तंतुवाद्यं. ट्रॉम्बोन नाही, टिंपनी नाही, ढोल-झांज काहीच नाही. पहिली मूव्हमेंट गिटारच सुरू करते, एकटी. खाली फक्त डबलबेस एक डी स्वर अगदी हळू धरून. श्रोत्याचे कान पहिल्या क्षणालाच गिटारच्या मापाला जुळवून घेतात, मग ऑर्केस्ट्रा येतो. पुढेही गिटार बोलते तेव्हा बाकीचे बहुतेक वेळ एखाद-दुसरा शब्द टाकून गप्प बसतात.

आणि दुसरी मूव्हमेंट, ती प्रसिद्ध अदाजियो, म्हणजे संथ. कॉर आँग्ले (ओबोच्या जातीचं, जरा खालच्या सुराचं वाद्य) गातो, गिटार नुसत्या कॉर्ड सोडत साथ करते. नंतर तीच सुरावट गिटार नक्षी करून म्हणते. पुढे मोठा कदेन्झा, गिटार एकटीच चढत चढत जाते, आणि शिखरावर पोचल्यावर सगळी तंतुवाद्यं पूर्ण ताकदीने ती सुरावट घेतात. त्या वेळी गिटार गप्प! अख्ख्या कॉन्सर्टोतला सगळ्यात मोठा क्षण आणि एकल वादक हात मांडीवर ठेवून बसलेला. याला म्हणतात माप ओळखणं.

म्हणून माझं मत: 'अरान्हुएथ' लहान ऑर्केस्ट्रा आणि बऱ्या हॉलमध्ये माइकशिवाय होऊ शकतो. पण तो दोन हजार खुर्च्यांच्या हॉलात, साठ तंतुवादकांबरोबर लावायचा हट्ट असेल तर दोष गिटारचा नाही आणि रोद्रिगोचाही नाही.

ठाणेकर_मावशी

सुंदर लिहिलंयत. ती अदाजियो युद्धातल्या बॉम्बफेकीवर आहे असं कुठेतरी वाचलं होतं?

जुनी_तबकडी

मावशी, गेर्निकाशी, म्हणजे स्पेनच्या यादवी युद्धात बॉम्बफेक झालेल्या गावाशी, ती खूप जोडली जाते. पण रोद्रिगोची बायको व्हिक्टोरिया कामी, स्वतः पियानोवादक, तिने आत्मचरित्रात वेगळं लिहिलंय. अरान्हुएथच्या बागांमधले लग्नानंतरचे दिवस आणि पहिलं मूल जन्माआधीच गेल्याचं दुःख. मी घरच्या माणसावर विश्वास ठेवतो.

मांडवीकाठ

बागांचा विषय निघाला म्हणून गोव्यातून थोडं अवांतर. अरान्हुएथ माद्रिदच्या दक्षिणेला, राजवाडा आणि बागा ताहो नदीच्या काठावर. हीच नदी पुढे पोर्तुगालात तेजु होते आणि लिस्बनला समुद्राला मिळते. आमच्याकडे आलेली सगळी गलबतं त्याच मुखातून निघाली. म्हणजे रोद्रिगोच्या बागेतलं पाणी आणि आमच्या घरातली गिटार एकाच वाटेने आली, असं मी तरी माझ्या भाच्यांना सांगतो.

आमच्याकडे गिटार अशी एकल वाद्य म्हणून नव्हतीच. मांडोला (आमच्या कोकणी गाण्याला) घुमट, व्हायोलिन आणि मागे गिटार. चर्चच्या शाळांत पोरं आधी सोल्फेज (स्वर वाचून गाणं) शिकायची, मग व्हायोलिन. त्यातलेच किती मुंबईला जाऊन सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसले. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. गोन्साल्विसांनी तर १९५८ मध्ये मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता, हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणायला.

माइकबद्दल माझं मत: माझा मामा लग्नांत गिटार वाजवायचा आणि सांगायचा, आवाज पुरत नसेल तर आधी गप्पा मारणाऱ्यांना बाहेर काढा.

शनिवारपेठी

मामांना माझा नमस्कार सांगा.

दादरा_ते_दीपचंदी

तबलजीचा प्रतिसाद, विषयाला जरा सोडून. पहिली मूव्हमेंट मी प्रथम ऐकली तेव्हा सम सापडेना. मग कळलं, सहा मात्रा आहेत, पण एका आवर्तनात ३+३ आणि पुढच्यात २+२+२. दोन टाळ्या, मग तीन टाळ्या, वेळ तेवढाच. स्पॅनिश नाचगाण्यात हे फार जुनं आहे. गिटारवाला पहिल्या ओळीतच एकट्याने हे मांडतो, मागे ठेका धरायला कोणी नाही. स्टेजवर आल्या आल्या, हात गार असताना! मला तिथे माइकपेक्षा तानपुऱ्याची काळजी वाटली असती.

नखंवाढवलेला

हो!! ती सुरुवात हे सगळ्या गिटारवाल्यांचं दुःस्वप्न. पियानो किंवा व्हायोलिनच्या कॉन्सर्टोत ऑर्केस्ट्रा बऱ्याचदा आधी वाजवतो, तोवर वादक श्वास घेतो, तारा बघतो. इथे कंडक्टर हात वर करतो आणि सगळे तुझ्याकडे बघतात. रास्गेआदोच्या (बोटं तारांवरून झटकून वाजवायच्या) त्या कॉर्ड हळू सुरू करायच्या असतात, घाबरून मोठ्या वाजल्या की पुढे वाढवायला जागाच उरत नाही.

शिवाय नायलॉन स्टेजच्या दिव्यांत उतरतं. ऑर्केस्ट्रा बऱ्याचदा ए स्वर ४४२ हर्ट्झला लावतात, घरी ४४० ला जुळवून आलात तर ओबोने सूर दिल्याबरोबर कळतं.

कोथरूडची_सून

नखांचा प्रश्न विचारू का? तुटलं तर काय करता? मुलगा शिकतोय, आत्ताच एक मोडून आलाय क्रिकेटमध्ये.

नखंवाढवलेला

टेबलटेनिसचा चेंडू कापून, खालून झटपट गोंदाने चिकटवून, घासून आकार द्यायचा. हसू नका, खरंच करतात. आणि त्याला फिल्डिंगला स्लिपमध्ये उभं करू नका.

परदेशी_पाटील

माझ्या मते धागा चुकीच्या टोकाला धरलाय सगळ्यांनी. मी एका हौशी ऑर्केस्ट्रात दुसऱ्या व्हायोलिनच्या शेवटच्या बाकावर बसतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही इटालियन संगीतकार कास्तेलनुओवो-तेदेस्कोचा पहिला गिटार कॉन्सर्टो केला. छान आहे, छोट्या ऑर्केस्ट्रासाठी, १९३९ मधलाच. फ्लॉरेन्समध्ये लिहिला आणि त्याच वर्षी ज्यूंविरुद्धच्या कायद्यांमुळे त्याला इटली सोडून अमेरिकेला जावं लागलं. सेगोव्हियासाठी लिहिलेला, पहिल्यांदा वाजला तो मोन्तेविदेओत. असो.

पहिल्या रिहर्सलला गिटारवाला पुढे, कंडक्टरच्या डाव्या हाताला, प्रेक्षकांकडे तोंड करून बसला. गिटारचं भोक प्रेक्षकांकडे. आमच्याकडे तिची पाठ आणि मध्ये दहा माणसं. मला त्याचं शब्दशः काहीही ऐकू येत नव्हतं. मी कंडक्टरच्या काठीवर वाजवत होतो, कंडक्टर त्याच्या बोटांकडे बघत होता. लय एकदाच जरा ताणली त्याने आणि आम्ही मागचे सगळे गाडी सुटल्यासारखे पुढे निघून गेलो.

प्रेक्षकांना ऐकू यावं म्हणून नव्हे, आम्हाला ऐकू यावं म्हणून माइक लावला आमच्याकडे. स्पीकर त्याच्या मागे, थोडा आमच्याकडे तिरका. पुढच्या रिहर्सलला आम्ही आपोआप हळू वाजवायला लागलो, कारण काय झाकतोय ते कळत होतं. कंडक्टर तोपर्यंत कितीतरी वेळा "पियानो, पियानो" (म्हणजे हळू, हळू) ओरडला होता, काही उपयोग झाला नव्हता. साथ करणाऱ्याला मुख्य गायक ऐकू आला नाही तर तो साथ कसली करणार? शनिवारपेठी, हे तुमच्या तबलजीलाही विचारा.

दादरा_ते_दीपचंदी

विचारायची गरज नाही. मॉनिटर (आमच्याकडे तोंड केलेला स्पीकर) बंद पडला की आम्ही गवयाच्या ओठांकडे बघून वाजवतो. +१००

ध्वनिलहरी

पाटील, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. प्रेक्षक कायम स्पीकर त्यांच्यासाठी आहे असं समजतात.

शनिवारपेठी

मग स्पीकर ऑर्केस्ट्राच्या आत ठेवा, त्यांच्यापुरता. प्रेक्षकांकडे का तोंड?

(मुद्दा बरा आहे पाटील. पण हट्ट सोडत नाही.)

सतारीचा_नाद

कोणीच सतारीचा विषय काढला नाही? पंडित रविशंकरांचा पहिला सतार कॉन्सर्टो १९७१ मध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर झाला, कंडक्टर आंद्रे प्रेव्हिन. सगळा हाच प्रश्न, उलट जास्तच. मींड घेतली की स्वराची सुरुवात एका जागी आणि अर्थ शेपटीत, आणि ध्वनिलहरी म्हणतात तशी नेमकी शेपटीच झाकली जाते. गिटारवाल्यांना निदान सुरुवात तरी ऐकवता येते. आम्हा सतारीवाल्यांना माइकवाचून गत्यंतर नाही, आणि आमच्यात त्यावर कोणी भांडतही नाही.

शनिवारपेठी

भांडत नाही कारण तुम्ही हरलात. बैठकीत दीडशे माणसांसमोर विनामाइक सतार ऐकलीये मी. मुंबईत एनसीपीएचं टाटा थिएटर बघा. १९८० मध्ये वास्तुविशारद फिलिप जॉन्सनकडून बांधून घेतलं, ध्वनीचं काम सिरिल हॅरिसचं. हेतूच हा की हिंदुस्थानी संगीत माइकशिवाय ऐकू यावं. हजारेक खुर्च्या. म्हणजे इच्छा असेल तर करता येतं.

मुंबई_मेल

टाटा थिएटरबद्दल दुजोरा. तिथे मागे बसूनही कुजबुज ऐकू येते, दुर्दैवाने शेजारच्याचीही. पण एक सांगा, तिथे तरी आज किती कलाकार माइक नको म्हणतात? सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे कार्यक्रम २००६ पासून तिथल्याच दुसऱ्या मोठ्या हॉलात ऐकतोय, तिथे व्हायोलिन किंवा पियानोच्या कॉन्सर्टोला माइक नसतो आणि कोणाला त्यात काही विशेष वाटत नाही. आपल्या गायनाच्या मैफलीला शंभर माणसं असली तरी दोन कर्णे. हॉलपेक्षा सवयीचा प्रश्न आहे हा.

बाळू_खोपोली

पण जुन्या काळी तरी कसं करायचे? म्हणजे जुलियानी वगैरे?

जुनी_तबकडी

जुलियानीने ए मेजर कॉन्सर्टो व्हिएन्नात १८०८ मध्ये वाजवला. तेव्हाची गिटार आत्ताच्यापेक्षा लहान. आज जी पूर्ण मापाची क्लासिकल गिटार दिसते, आतून पंख्यासारख्या पट्ट्या लावलेली, ती घडवली आन्तोनियो दे तोरेसने, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. पण तेव्हाची तंतुवाद्यंही तातीची, त्यामुळे तीही मवाळ. जुलियानीने तिसरा कॉन्सर्टो तर तेर्त्स गिटारसाठी लिहिला. ती आणखी छोटी आणि तीन पडदे वरच्या सुरात लावलेली, आवाज लहान पण चिरत जाणारा. ऑर्केस्ट्रा खाली, गिटार वर. प्रश्न दोनशे वर्षांपूर्वीही ठाऊक होता.

नंतरच्यांनीही तेच केलं. माल्कम अर्नल्डने गिटारवादक ज्युलियन ब्रीमसाठी १९५९ मध्ये लिहिला तेव्हा एक फ्लूट, एक क्लॅरिनेट, एक हॉर्न आणि तंतुवाद्यं, बस. रोद्रिगोनेही नंतर सेगोव्हियासाठी 'फान्तासिया पारा उन खेन्तिलओम्ब्रे' लिहिला त्यात एकच ओबो, एकच बासून, एकच ट्रंपेट.

गंमत बघा, सेगोव्हियाने 'अरान्हुएथ' कधीच जाहीर वाजवला नाही. पहिला मान दुसऱ्याला गेला म्हणून, असं लोक म्हणतात. शनिवारपेठींचा आदर्श पुरुष गिटारच्या सर्वात प्रसिद्ध कॉन्सर्टोच्या बाबतीत आपल्याला काहीच मदत करत नाही.

पॉपकॉर्नवाला

शनिवारपेठी, इनो पाठवू का?

शनिवारपेठी

राहू दे. घरी आहे.

फ्लामेंको_फणस

पाको दे लुसियाचं १९९१ चं ध्वनिमुद्रण ऐका सगळ्यांनी. फ्लामेंकोचा माणूस, स्वरलिपी वाचणं त्याचं काम नव्हे, तरी अख्खा 'अरान्हुएथ' बसवला. रोद्रिगो स्वतः हजर होता. पहिल्या मूव्हमेंटमधल्या धावत्या सरगमी ऐकल्यावर बाकीचे सगळे परीक्षेला बसल्यासारखे वाटतात.

नखंवाढवलेला

तालाच्या बाबतीत मान्य. अदाजियोत मला ब्रीमच हवा. यावर वेगळा धागा काढा, इथे रक्तपात होईल.

गुळवेल

रेकॉर्डिंगचं नाव निघालं म्हणून लिहिते. मला वाटतं खरा गोंधळ तिथेच आहे. आपण सगळे 'अरान्हुएथ' आधी रेकॉर्डिंगवर ऐकतो. तिथे गिटारजवळ वेगळा माइक, ऑर्केस्ट्रा त्यामागे हवा तेवढा. गिटार ऑर्केस्ट्राएवढी मोठी, कधीकधी त्याहून मोठी. बोटं तारेवरून सरकल्याची चिरचिरही ऐकू येते. तेच कानात घेऊन हॉलमध्ये जातो आणि म्हणतो, अरे, हिचा आवाज एवढासा? १९४० मध्ये बार्सिलोनात बसलेल्या माणसाच्या कानात असं कोणतंच रेकॉर्डिंग नव्हतं. त्याला जे ऐकू आलं तेच त्याच्यासाठी पूर्ण होतं.

म्हणून मध्यलय, तुझ्या शेजारचे गृहस्थ घरी रेकॉर्ड ऐकत असतील तर त्यांचाही कान माइकवरच वाढलाय. त्यांना फक्त तो दिसलेला चालत नाही.

ध्वनिलहरी

शेवटचं वाक्य भारी. मम.

परदेशी_पाटील

गुळवेल, पूर्ण सहमत. गिटारवादक जॉन विल्यम्सने म्हणूनच आडपडदा ठेवला नाही. उघडपणे माइक लावायचा. आणि गिटारही ऐंशीच्या दशकापासून ग्रेग स्मॉलमनने बनवलेली, वरची फळी अगदी पातळ, आतून बाल्सा आणि कार्बन फायबरची जाळी, पाठ आणि बाजू जाड आणि जड. आवाज मोठा. त्यावरही लोक नाकं मुरडतात की ही गिटार बँजोकडे झुकते. म्हणजे वीज लावली तरी शिव्या, सुतारकाम बदललं तरी शिव्या.

कोथरूडची_सून

स्मॉलमन किती लाखांना मिळते? (मुलाला दाखवणार नाही.)

परदेशी_पाटील

ताई, खरंच दाखवू नका.

संपादक

किमतींची चर्चा 'वाद्ये: खरेदी-विक्री' विभागात करावी. ब्रीम विरुद्ध पाको यासाठीचे दोन प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत.

मध्यलय

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

पाटलांचा प्रतिसाद वाचून मी ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवणाऱ्या ओळखीच्या बाईंना निरोप टाकला. त्या म्हणाल्या, विवाल्दीला आम्ही मोजके होतो आणि गिटारच्या भोवती अर्धवर्तुळात बसलो होतो, सगळं ऐकू येत होतं. रोद्रिगोला मागे हॉर्न-ट्रंपेट आले, आम्ही दूर सरकलो, तेव्हा गिटारवाल्यानेच स्पीकर मागितला. म्हणजे त्यालाही कुठे लागतो आणि कुठे नाही ते नेमकं ठाऊक होतं. माझ्यापुरतं उत्तर मिळालं. शनिवारपेठींना मिळालं नसेल, पण त्यांचं उत्तर धाग्याआधीच तयार होतं. :)

आता एक छोटी विचारणा. पुढच्या महिन्यात तेच लोक जुलियानीचा ए मेजर करतायत, फक्त तंतुवाद्यांबरोबर, आणि पत्रकावर "माइकविना" असं मुद्दाम छापलंय. जागा निवडायची आहे. समोरच्या रांगा की बाल्कनी?

नखंवाढवलेला

खाली, पाचवी-सहावी रांग, डावीकडे. वादक कंडक्टरच्या डावीकडे बसतो, म्हणजे तुमच्याही डावीकडे. अगदी पहिली रांग नको, तिथे व्हायोलिनं जास्त आणि गिटारचे पाय दिसतात.

ध्वनिलहरी

बाल्कनीच्या छज्जाखालची खोल जागा टाळा. बाकी नखंवाढवलेला म्हणतायत ते बरोबर.

शनिवारपेठी

डावीकडचीच घ्या. आणि खोकल्याच्या गोळ्या नेणार असाल तर कागद घरीच काढून न्या.